चाकाखालचा ठोकळा

मी अकरावीत असताना एका शनिवारी बाबा वायुदलातून निवृत्त होऊन अकोल्याला घरी आले. त्यानंतर ते परत गेले नाहीत.

त्याआधीचे बाबा म्हणजे वर्षाकाठी एक महिना. उन्हाळ्यात येत, त्यांच्या कपड्यांना परक्या साबणाचा वास असे, आणि तो वास घरात मुरायच्या आत ते पुन्हा गाडीत बसलेले असत. घर आईचं होतं. रेल्वे लाइनीपलीकडे आमच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, आणि भिंतीला लागून मोठ्या बाबांची खोली. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनीच बाबांना वाढवलं. स्वतः रेल्वेत गँगमन म्हणून लागले, धाकट्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, आणि वायुदलाच्या भरतीला त्याला नागपूरला घेऊन गेले तेही तेच. वस्तीच्या विहार समितीचे ते अध्यक्ष होते. मोठी आई गेल्यापासून दोन्ही वेळा आमच्याकडे जेवत. आई त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन ती माझ्यामार्फत बोले. "सुजाता, तुह्या मोठ्या बाबाले इचार, भाकर वाढू का?" आणि हातभर अंतरावर बसलेले मोठे बाबा ताटाकडे बघत मला सांगत, "तुह्या मायले सांग, अर्धी दे." मी दोघांच्या मधे उभी. तेव्हा या कामाचा कंटाळा येई. पुढे सगळा जन्म मी ग्रंथालयात काढला, लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मधे उभी राहून, तेव्हा पुष्कळदा त्या भाकरीची आठवण झाली.

बाबा कायमचे आले आणि घरात एक माणूस जास्त झाला. मीठ कुठे आहे, रॉकेलचा डबा कुठे आहे, काही त्यांना ठाऊक नव्हतं. पहाटे उठून दाढी करत, अंथरुणाची घडी अशी घालत की तिच्या कडांनी बोट कापेल. मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आम्हाला ऐकूच येत नसे. ते मात्र दर वेळी मान वळवून बघत. दोन आठवड्यांनी त्यांनी एक निळा रंग आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळे ठोकून प्रत्येक वस्तूची बाह्याकृती रंगवली. उलथण्याच्या जागी उलथणं, चिमट्याच्या जागी चिमटा, सांडशी, झारा, किसणी. वायुदलात हत्यारांचा फळा असाच असतो, असं त्यांनी आईला समजावलं. कोणती वस्तू परत आली नाही ते रिकाम्या आकारावरून लांबूनच कळतं. विमानात विसरलेला एक पाना माणूस मारू शकतो. आई म्हणाली, "माह्या वरणात कोनं पाना इसरला आजलोक?" आणि रोज संध्याकाळी ती मुद्दाम झाऱ्याच्या जागी किसणी अडकवून ठेवी. बाबा ती बदलत. या अदलाबदलीतूनच त्या दोघांची ओळख झाली असं मला आता वाटतं. लग्नाला तोवर सतरा-अठरा वर्षं झाली होती.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली एक लाकडी ठोकळा होता. लांबी वीतभर, एका बाजूने उतरता, तेलाने काळा पडलेला, उतरत्या बाजूला घासून गुळगुळीत झालेला. बाबांनी तो बाहेर काढून दाराला लावला. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी वावटळ उठली की आमचं दार आपटे, ते आपटायचं थांबलं. आईने विचारलं, हे लाकूड एवढ्या दुरून वाहून आणायचं काय होतं? बाबा म्हणाले, ते तादेउशचं आहे.

तादेउश हे नाव आम्ही ऐकून होतो. निवृत्तीच्या काही वर्षं आधी आपल्या वायुदलाने पोलंडकडून शिकाऊ वैमानिकांसाठी जेट विमानं घेतली. ती कशी सांभाळायची ते शिकायला काही तंत्रज्ञ तिकडे पाठवले, त्यांत बाबा होते. विमानं बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या गावी ते एक हिवाळा राहिले. तिथे दुभाष्याचं काम करणारा एक पिकल्या मिशांचा मेकॅनिक होता. महायुद्धात तो इंग्लंडला पोचला होता, तिथे इंग्रजी शिकला होता आणि युद्ध संपल्यावर घरच्या ओढीने परत आला होता. तोच हा तादेउश. त्याने बाबांना त्या विमानांबद्दल शिकवलं ते तर होतंच, पण बाबा परत आले ते दुसरंच काहीतरी घेऊन आले. तरुणपणी तादेउश पोझनान नावाच्या शहराजवळ एका विमान रेजिमेंटमध्ये होता. दोन महायुद्धांच्या मधल्या वीसेक वर्षांत ती रेजिमेंट जन्मली, वाढली आणि संपली. बाबांना तिचा इतिहास तोंडपाठ होता आणि तो सांगायला त्यांना आमच्याखेरीज कोणी नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर पाणी मारून झालं, भाकरी टोपलीत पडल्या, ठेच्याचा खकाणा बसला, की बाबा सुरू करत. पोलंड हा देश शंभर वर्षांहून जास्त काळ नकाशावरच नव्हता. तीन राजांनी तो वाटून घेतलेला. पहिलं महायुद्ध संपलं आणि तो परत आला, पण आला तो रिकाम्या हातांनी. पोझनानचं विमानांचं मैदान जर्मनांचं होतं. तिथल्या लोकांनी ते ताब्यात घेतलं. आत जी विमानं मिळाली त्यांच्यावरच्या खुणा खरवडल्या आणि लाल-पांढरे चौकोन रंगवले. म्हणजे सुरुवात झाली ती दुसऱ्याने टाकलेल्या सामानावर. बाबा हे सांगताना हाताने रंग खरवडल्याची खूण करत. मग फ्रेंच विमानं आली, कापड आणि लाकूड जास्त, धातू कमी. मेकॅनिक शिवणकाम शिकले, कारण पंख फाटला तर तो शिवावा लागे. आई मधेच म्हणे, "म्हंजे मशीनवाले टेलर व्हते म्हना." बाबा म्हणत, हो, टेलर, सुतार, लोहार, सगळं एकाच माणसाने. आणि मग शेवटी देशातच बनलेली विमानं आली, सगळी धातूची, खांद्यापाशी वाकलेल्या पंखांची, घार झेपावते तशी. इथे बाबांचा आवाज बदले. ते दोन्ही हात खांद्यातून उचलून दाखवत. मोठे बाबा मात्र हा विषय निघाला की हात धुऊन उठत. "चालू द्या तुमचं पोलंड," म्हणत आणि आपल्या खोलीत जात. त्यांच्या दृष्टीने भावाने इतकी वर्षं बाहेर काढली आणि येताना दुसऱ्यांची गोष्ट घेऊन आला.

मी विचारी, पुढे काय झालं? बाबा म्हणत, पुढे लढाई झाली. आणि थांबत. घारीच्या पंखांपुढे त्यांनी ती गोष्ट कधीच नेली नाही.

रविवारी कधी कधी ते स्वतः चुलीपाशी बसत. बीट उकडून, किसून, लिंबू पिळून, मिरपूड घालून लालभडक सार करत. आई म्हणे, "हे रंगपंचमीचं पानी तुमीच प्या." ते एकटेच पीत, वाटी दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून. आम्ही हसत असू. त्यांची दुसरी खोड जास्त त्रासाची होती. घरातलं कोणी गावाला गेलं, की ते परत येईपर्यंत बाबा जेवत नसत, आणि यायची वेळ झाली की उभे राहत. बसत नसत. तादेउशच्या रेजिमेंटमध्ये विमानाचा मेकॅनिक तसाच उभा राही म्हणे. विमान वर गेलं की त्याच्या चाकांखालचे दोन ठोकळे घेऊन तो त्या रिकाम्या जागेपाशी थांबे. विमान उतरून जागेवर आलं, ठोकळे पुन्हा चाकांना लागले, की मग तो घोटभर काहीतरी पिई.

बारावीनंतर मी अमरावतीला कॉलेजात गेले. वसतिगृहात राहायला खोली मिळाली. दर शनिवारी दुपारच्या एसटीने मी अकोल्याला यायची. मूर्तिजापूर गेलं की मला माहीत असे, बाबा आता स्टँडवर पोचले असतील आणि बाकडी रिकामी असूनही उभे असतील. मैत्रिणी थट्टा करत. मला लाज वाटत नसे, पण भूक त्यांना लागली असेल हे मनात राही, म्हणून मी उतरल्याबरोबर दोन आलूबोंडे घेई आणि एक त्यांच्या हातात देई.  खात खात पुलावरून घरी येत असू.

अमरावतीत मला बाबांनी एक काम दिलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात त्या रेजिमेंटबद्दल काही सापडतं का ते बघायचं. मी पुष्कळ शोधलं. जाडजूड विश्वकोश पाहिले, युद्धांचे इतिहास पाहिले. पोलंडवर पानं होती, विमानांवर पानं होती, पण त्या रेजिमेंटबद्दल एका इंग्रजी पुस्तकात सगळ्या मिळून दोन ओळी. मी त्या उतरवून आणल्या. बाबांनी त्या चष्मा लावून वाचल्या, परत वाचल्या, आणि म्हणाले, "आहे म्हंजे. लिहिलं आहे कुठंतरी." त्यांना झालेला तो आनंद बघूनच बहुधा मी ठरवलं, की जिथे दोन ओळीसुद्धा सांभाळून ठेवतात अशा ठिकाणी आपण काम करायचं. आज फोनवर बोट फिरवलं की त्या मैदानाचे शेकडो फोटो दिसतात. तिथे आता नागरी विमानतळ आहे. बाबांना मी ते दाखवत असे तेव्हा ते धावपट्टीकडे बघत नसत, कडेच्या गवताकडे बघत.

मी दुसऱ्या वर्षाला होते. एका शनिवारी एसटी अकोल्याच्या स्टँडवर लागली आणि बाबा तिथे नव्हते.

मी एकटी घरी आले. बाबा ओट्यावर बसलेले होते. पोलंडहून काळ्या कडेचं एक कार्ड आलं होतं, आडनावावरून तादेउशच्या बहिणीचं असावं. भाषा कोणाला येत नव्हती, पण नावाशेजारी क्रूस होता, त्याला भाषा लागत नाही. कार्ड मंगळवारीच आलं होतं. आईने मला न्हाणीपाशी नेऊन सांगितलं, की चार दिवस यांच्या पोटात अन्न नाही, आणि का ते तिलाही आदल्या दिवशीच कळलं.

निघायच्या दिवशी तादेउशने बाबांना तो ठोकळा दिला होता. त्यांच्याकडे एक रीत होती. लढाईत पडलेल्या सैनिकांची नावं मोठ्याने पुकारायची, आणि नाव घेतलं की जिवंत असलेल्यांनी त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. इंग्लंडमध्ये असताना त्याच्या वैमानिकाचं नाव असंच पुकारलं गेलं आणि तादेउशने उत्तर दिलं. हे सांगून तो बाबांना म्हणाला, माझं नाव कोण घेणार? बायको नाही, मूल नाही, रेजिमेंट नाही, आणि मी तर खाली उभा राहणारा माणूस. बाबा म्हणाले होते, मी घेईन. उत्तर द्यायला माणसंही जमवीन.

बाबा हे घेऊन मोठ्या बाबांकडे गेले होते. विहारात तादेउशचं पुण्यानुमोदन करायचं, वस्तीतल्या लोकांनी बसायचं, त्याचं नाव घ्यायचं, इतकंच मागितलं. मोठ्या बाबांनी नाही म्हटलं. विहार वस्तीचं आहे. ज्याला कोणी पाहिलं नाही, जो आपल्या धम्माचा नाही, जातकुळीचा नाही, देशाचा नाही, वर लढाईतला, त्याच्यासाठी लोकांना कामधंदा सोडून काय म्हणून बोलवायचं? बाबांनी वाद घातला नाही. त्या भावाशी वाद घालणं त्यांना येतच नव्हतं. ते घरी आले आणि ओट्यावर बसले.

त्या संध्याकाळी मोठे बाबा नेहमीप्रमाणे जेवायला आले. बाबांचं ताट पालथंच होतं. अंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकर होती. आईने भाकर वाढली, माझ्याकडे वळली आणि भिंतीशी बोलावं तसं बोलू लागली.

"सुजाता, तुह्या मोठ्या बाबाले सांग. मानूस परमुलखात तापानं फनफनला, छाती भरली, तवा मी तिथं नव्हती. मी इथं गवऱ्या थापून राह्यली व्हती. त्याच्या उशाशी तो बुढा बसला, अन् त्यानं चमच्यानं ते बिटाचं पानी पाजलं. आपल्याले हे कोनं सांगतलं नाही, मलेबी कालच समजलं. ज्यानं माह्या मानसाले जित्तं धाडलं, त्याच्यासाठी चटई टाकाले विहार नसन, तं मी ओट्यावर टाकीन."

मी तोंड उघडलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाबा खाली बघत होते. त्या बिटाच्या सारावर आम्ही दोघी वर्षानुवर्षं हसलो होतो आणि त्यांनी कधी कारण सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाबांनी तोंडातला घास संपवला. पाणी प्यायले. मग मला म्हणाले, "तुह्या मायले सांग, उद्या दहा वाजता. वंदना होईन, उभं राहू, जेवण होईन. भाषण नाही. ते रेजिमेंटचं पुरान विहारात नको."

म्हणजे जागा मिळाली, पण ज्यासाठी हवी होती ते मिळालं नाही. बाबांनी मान हलवली. मला मात्र झोपेपर्यंत तेच दिसत होतं, की उद्या माणसं जमतील, उभी राहतील आणि जेवून जातील, आणि नाव कोणी घेणार नाही.

सकाळी आई माझ्या आधी विहारात गेली होती. चटया टाकल्या, उदबत्त्या लावल्या, पांढरी साडी नेसून बायका येऊ लागल्या. पुण्यानुमोदनाच्या वेळी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. तादेउशचा फोटो नव्हता. त्या कारखान्यात फोटो काढायची परवानगीच नव्हती. आईने विचार केला असेल, की फोटोची जागा रिकामी कशी ठेवायची. तिने बुद्धमूर्तीच्या पायरीखाली एका पाटावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर दाराचा ठोकळा आणून ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला. एका म्हाताऱ्या आजीने येता येता हात जोडले आणि शेजारणीला हळूच विचारलं, हे नवीन काय बसवलं?

मोठे बाबा आत आले आणि दारातच थांबले. विशीत असताना त्यांनी स्वतःच्या हातांनी घरातले देव टोपलीत भरून मोर्णा नदीत सोडले होते. त्यासाठी पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पुष्कळ सोसलं होतं. त्यांच्या विहारात, त्यांच्या घरच्या सुनेने, लाकडाला हार घातला होता.

"हे काय मांडलं?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मानसाच्या फोटोले हार घाला. लाकडाले हात जोडनं आपन सोडलं. पुन्हा सुरू कराचं हाय काय?"

आईचा चेहरा पांढरा पडला. तिने केलं होतं ते चुकीचं होतं हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि ती उठेना. बाबा उठले. त्यांनी पुढे जाऊन हार काढला, तो आईच्या ओंजळीत ठेवला आणि ठोकळा उचलून मोठ्या बाबांच्या हातात दिला.

"दादा, देव नाही. कामाची वस्तू आहे. तुमीच पाहा."

मोठ्या बाबांनी तो हातात घेतला आणि परत द्यायला हात पुढे केला. मग हात तिथेच थांबला. रुळावर आयुष्य गेलेला माणूस तो. त्यांनी ठोकळा उलटा केला, उतरत्या बाजूवरून अंगठा फिरवला, जिथे चाक घासलं होतं तिथे थांबले. "ही तं चाकाची अडण हाय," ते म्हणाले. सायडिंगला उभ्या डब्यांच्या चाकांखाली ते स्वतः अशाच अडणी लावत आले होते. मग त्यांनी पाटाकडे पाहिलं, पाटाखाली पाहिलं, आणि बाबांना विचारलं,

"याची जोडी कुठी हाय?"

मला तो प्रश्न सुचला नव्हता. तीन-चार वर्षं तो ठोकळा आमच्या दाराला होता. मी त्याच्यावर ठेचकाळले होते, त्याच्यावर पुस्तक टेकवून अभ्यास केला होता, आणि एकटाच का हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं. बाबा म्हणाले, "सांगतो, दादा." भाषण नाही म्हणून बजावलेलं होतं. पण हे भाषण नव्हतं, थोरल्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. ते उभ्यानेच सांगू लागले, आणि घारीच्या पंखांपुढची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

लढाई येणार हे दिसत होतं, म्हणून रेजिमेंटची विमानं आधीच मोठ्या मैदानावरून हलवून खेड्यापाड्यांतल्या कुरणांवर नेली, झाडांखाली फांद्या टाकून लपवली. त्यामुळे पहिल्या दिवशी मैदानावर बॉम्ब पडले तेव्हा ती तिथे नव्हती. रेजिमेंटचं घर मात्र गेलं. मग रोज एक कुरण सोडून दुसरं, पूर्वेकडे, मागे मागे. दिवसा उडायचं, संध्याकाळी भोकं बुजवायची, उजाडायच्या आत पुढचं गाव. एका सकाळी तादेउशचा वैमानिक वर गेला. तादेउश दोन्ही ठोकळे घेऊन त्या जागेपाशी उभा राहिला. दुपार झाली. बाकीची विमानं आली, त्याचं आलं नाही. इतकं पेट्रोल पुरत नाही हे त्याला माहीत होतं, तरी तो उभा होता. मग निघायचा हुकूम आला आणि ट्रक सुरू झाले. त्याला हाका मारत होते. त्याने एक ठोकळा, चाक जिथे थांबलं असतं नेमक्या तिथे, गवतात ठेवला. म्हणजे विमान आलंच, तर त्याला कळावं की आपली वाट पाहिली होती. आणि दुसरा स्वतःजवळ ठेवला, कारण चाकं दोन असतात आणि विमान दुसरीकडे कुठे भेटलं तर एक तरी हाताशी हवा. तो ठोकळा त्याने सरहद्दीपार नेला, मग फ्रान्सला, मग इंग्लंडला, आणि परत घरी आणला. रेजिमेंट पुन्हा उभी राहिली नाही. वैमानिक सापडला नाही.

बाबा थांबले. बाहेर मालगाडीचे डबे आदळले आणि या वेळी विहारातल्या सगळ्यांनीच मान वळवली. मोठ्या बाबांच्या हातात ठोकळा तसाच होता.

"त्या पायलटचं नाव काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"व्लादिस्लाव."

"अन् तुह्या दोस्ताचं?"

"तादेउश."

मोठे बाबा बुद्धमूर्तीकडे तोंड करून उभे राहिले. सगळे उठले. त्यांनी आधी वैमानिकाचं नाव घेतलं, आपल्या जिभेला वळेल तसं, मोठ्याने. मग बाबांकडे वळून म्हणाले, "दुसरं तू घे. तुह्यावर व्हतं ते." बाबांनी तादेउशचं नाव घेतलं. उत्तर काय द्यायचं हे लोकांना कोणी सांगितलं नव्हतं. पण नाव पुढे आलं की मागून काय म्हणायचं हे त्या लोकांना माहीत होतं. सगळे मिळून म्हणाले, साधू, साधू, साधू. त्या आजीसुद्धा.

जेवणाला वरण, भात, वांग्याची भाजी होती, आणि आईने मोठ्या पातेल्यात बिटाचं सार केलं होतं. लोकांनी एकमेकांकडे बघत द्रोण तोंडाला लावले. कोणीतरी म्हणालं, आंबट आहे पण बरं आहे. मोठ्या बाबांनी द्रोण संपवला आणि आईकडे बघून, माझ्याकडे नव्हे, म्हणाले, "अजून दे." आईने पदर सावरून वाढलं. त्या दिवसापासून माझं मधे उभं राहायचं काम संपलं. बाबा त्या दिवशी दोनदा जेवले.

एवढंच झालं. जगाच्या हिशेबात काही नाही. पण तेव्हापासून आमच्या वस्तीत दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांच्या वंदनेत, शेवटच्या दिवशी, आपल्या गेलेल्या माणसांच्या नावांसोबत ती दोन नावं घेतली जाऊ लागली. मोठे बाबा होते तोवर ते घेत, मग बाबा. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना विचारत, हे कोण? कोणीतरी सांगे, आपल्याच भावाचे दोस्त होते, विमानाचं काम करायचे. पोझनानच्या त्या रेजिमेंटला स्वतःची माणसं मोजायला दुसरीकडे कुठे कोण उरलं होतं मला माहीत नाही. अकोल्याला होतं.

मोठे बाबा गेले, काही वर्षांनी आई गेली. घर विकलं, नव्या मालकाने स्वयंपाकघर रंगवलं तेव्हा निळ्या आकृत्यांवर चुना बसला. बाबा शेवटची अकरा वर्षं माझ्याकडे अमरावतीला होते. मी ग्रंथालयातून यायची वेळ झाली की काठी टेकून गॅलरीत उभे राहत. मी खालून हात केला की मग बसत. मागच्या हिवाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाला मी ठोकळा फोटोशेजारी ठेवला, हार फक्त फोटोला घातला. नाव मी घेतलं. आधी वैमानिकाचं, मग तादेउशचं, मग बाबांचं. उत्तर द्यायला माणसं पुष्कळ होती. अकोल्याहून एक गाडी भरून आली होती.

आता संध्याकाळी मी घरी येते तेव्हा गॅलरीत कोणी नसतं. ठोकळा माझ्या दाराला असतो. वारा सुटला तरी दार आपटत नाही.